नवऱ्याला टीबी, मुलगी ठणठणीत: मग गोळ्या मुलीला कशासाठी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. तुमच्या मिस्टरांना दोन महिने खोकला होता, आता फुप्फुसाचा टीबी निघाला आणि खासगी डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वी औषध सुरू केलं. मग मनपाच्या आरोग्य केंद्रातून फोन आला: आम्ही घरी येतो, सगळ्यांची तपासणी करतो, अडीच वर्षांच्या मुलीलाही औषध द्यावं लागेल. मुलगी खेळते आहे, खाते आहे, खोकला नाही. सासूबाईंना शुगर आहे आणि त्यांचं म्हणणं असं की निरोगी लेकराला औषध पाजण्यापेक्षा सहा महिने वर्ध्याला आजोळी ठेवा. घर नागपुरातल्या इतवारीत, दोन खोल्यांचं, भिंतीला भिंत लागून. सरकारी माणूस दारात आला की गल्लीत सगळ्यांना कळेल, ही धास्ती वेगळीच.

मी नागपुरात टीबी कार्यक्रमात बरीच वर्षं काम करते आहे. आधी घरोघर जाणारी हेल्थ व्हिजिटर होते, नंतर उपचार पर्यवेक्षक झाले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही. पण तुमच्या घरात आज जे बोलणं चाललं आहे, ते मी नेहमी ऐकते, आणि त्यातून पुढे काय होतं तेही बघते.

तुम्ही विचारलंय, मुलीला गोळ्या द्यायच्या का. त्याच्या मुळाशी दुसरा प्रश्न आहे: मुलीला धोका कधीचा आहे? घरातली माणसं धोका निदानाच्या दिवसापासून पुढे मोजतात. 'टीबी' हा शब्द त्या दिवशी कानावर पडला म्हणून भीतीही त्या दिवशी सुरू होते. प्रत्यक्षात मिस्टरांच्या खोकल्यातून जंतू सगळ्यात जास्त बाहेर पडत होते ते त्याआधीच्या दोन महिन्यांत. तेव्हा मुलगी त्यांच्या कुशीत झोपत होती, खिडक्या बंद होत्या, आणि सगळे म्हणत होते, हवाबदलाचा खोकला आहे. योग्य औषध सुरू झालं की जंतू पसरण्याचं प्रमाण झपाट्याने खाली येतं. आम्ही साधारण दोन आठवडे काळजी घ्यायला सांगतो. म्हणजे आज मुलीला वर्ध्याला पाठवलं, तर तुम्ही तिला धोका कमी होत असताना लांब नेताय, आणि जो जंतू आधीच तिच्या शरीरात गेला असेल तो तिच्यासोबत वर्ध्याला जाईल. तिथे आजी-आजोबांना काहीच माहीत नसेल, ताप आला तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून खोकल्याची बाटली आणतील, आणि टीबीचा संशय यायला आणखी महिना जाईल.

हे मी मनचं सांगत नाही. १९५६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये टीबीच्या उपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. त्या काळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, म्हणजे रुग्णाला महिनोन्‌महिने ठेवून घेणारं टीबीचं रुग्णालय, असंच समीकरण होतं. त्या केंद्राने काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरिबीच्या घरात राहू देऊन औषध दिलं. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले. नंतर पाच वर्षं दोन्ही गटांतल्या घरच्या लोकांवर लक्ष ठेवलं, तेव्हा रुग्ण घरी राहिल्यामुळे घरच्यांना जास्त टीबी झाला असं दिसलं नाही. जे काही व्हायचं ते बहुतेक निदानाआधीच्या सहवासात होऊन गेलेलं होतं. आज जगभर टीबीचा रुग्ण घरी राहून बरा होतो, त्याचा पाया या अभ्यासाने घातला.

उलट बाजू दाखवणारं एक घर सांगते. पूर्व नागपुरातली वस्ती, मे महिना. नवऱ्याला टीबी निघाल्यावर घरच्यांनी त्याला गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवलं होतं. ताट वेगळं, पाण्याचा गुंड वेगळा, कपडे वेगळे धुवायचे. बायको जेवण जिन्यावर ठेवून परत यायची. आपण सगळी काळजी घेतोय असं घरच्यांना मनापासून वाटत होतं. मी खाली बसून धाकट्याचं अंगणवाडीचं कार्ड मागितलं. वजनाची रेघ आधी चांगली वर चढत होती आणि शेवटचे चार महिने आडवी पडली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पण खोकला नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या मुलाच्या छातीतल्या गाठींमध्ये टीबी होता. वेळेवर सापडला, पूर्ण उपचार घेऊन बरा झाला. पण त्या घराने सगळी ताकद ताट वेगळं ठेवण्यात लावली होती, आणि ताटातून टीबी पसरतच नाही. तो हवेतून पसरतो. भांडी, कपडे, शेजारी बसून जेवणं, हात धरणं, यातून नाही.

आता तुमच्या मुलीचं. जंतू शरीरात गेला म्हणजे आजार झालाच असं नसतं. निरोगी मोठ्या माणसांमध्ये शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांच्या शरीरात जंतू झोपलेला राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांचं गणित वेगळं आहे. त्यांची प्रतिकारशक्ती जंतूला कोंडून ठेवण्याइतकी तयार झालेली नसते, आजार होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि तो सहसा वर्ष-दोन वर्षांच्या आतच होतो. त्यात मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला तर मूल वाचलं तरी कायमचं अपंगत्व राहू शकतं. तुम्ही म्हणालात, बीसीजीची लस दिलेली आहे, दंडावर खूण आहे. चांगलं आहे, बीसीजी अशा गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते. पण पूर्ण नाही. म्हणून आत गेलेला जंतू झोपेत असतानाच मारायचा, याला प्रतिबंधात्मक उपचार म्हणतात. वेळेवर आणि पूर्ण घेतला तर आजाराचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो.

देशात २०२१ पासून हा उपचार फक्त लहान मुलांपुरता न ठेवता घरातल्या सगळ्यांसाठी खुला केला आहे. साधारण दोन पद्धती चालतात. एक, आयसोनियाझिड हे औषध रोज, सहा महिने. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला साधारण १० मिलिग्रॅम. दुसरी, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. हिला सगळे '३एचपी' म्हणतात आणि ती दोन वर्षांवरच्यांना चालते. तुमच्या मुलीला यातली कोणती द्यायची हे तिचं वजन आणि केंद्रावर त्या वेळी काय उपलब्ध आहे यावर ठरेल. आठवड्याची असेल तर वार पक्का करा. माझ्या अनुभवात रविवारपेक्षा सोमवार बरा. रविवारी पाहुणे असतात, बाहेर जाणं असतं, आणि गोळी राहून जाते.

पण त्याआधी तपासणी झालीच पाहिजे, आणि इथे मी अजिबात सूट देत नाही. मुलीच्या शरीरात टीबीचा आजार आधीच सुरू झालेला असेल आणि तिला नुसतं प्रतिबंधात्मक औषध दिलं, तर थोड्या औषधाने जंतू मरणार नाही, उलट त्याला त्या औषधाची सवय होईल. म्हणून आधी विचारायचं: दोन आठवडे ताप किंवा खोकला? वजन वाढायचं थांबलं? खेळणं कमी झालं, मानेला गाठ लागते? यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे, छातीचा एक्सरे, आणि गरज पडली तर सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातलं पाणी काढून तपासणी. लहान मुलं बेडका बाहेर टाकत नाहीत, गिळतात, म्हणून ही सोय. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. मुलगी खरंच ठणठणीत असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जंतूसंसर्गाच्या वेगळ्या चाचणीची वाट न बघता औषध सुरू करतात.

आता यातलं काय कशावर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नात एक माहिती नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. मिस्टरांच्या बेडक्याची नॅट तपासणी, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, झाली का? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, नाव काहीही असो. खासगीत पुष्कळदा एक्सरे बघून औषध सुरू होतं. ते नेहमी चूक असतं असं नाही, पण एक्सरे जंतूचा स्वभाव सांगत नाही. नॅट काही तासांत सांगते की जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का. आयसोनियाझिडला दाद देतो का यासाठी पुढची तपासणी लागते. ती आपल्या नागपुरातच राज्याच्या संदर्भ प्रयोगशाळेत होते. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू निघाला तर मिस्टरांचं औषध बदलेल, आणि मुलीचंही. त्या जंतूवर नेहमीच्या प्रतिबंधात्मक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, तिथे डॉक्टर वेगळं औषध निवडतात. म्हणून मुलीच्या गोळ्यांचा निर्णय वडिलांच्या रिपोर्टमधून येतो. औषध सुरू होऊन आठच दिवस झालेत, अजून नमुना देता येईल. उद्याच द्या.

नमुना कसा द्यायचा तेही सांगते, कारण इथे फार नमुने वाया जातात. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन दिलेली लाल-तपकिरी थुंकी प्रयोगशाळेच्या कामाची नसते, आणि नागपुरात हे रोजचं दुखणं आहे. मिस्टर खर्रा खात असतील तर आदल्या रात्रीपासून बंद. मग गच्चीवर किंवा मोकळ्या जागी उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. डबीत पाण्यासारखी लाळ दिसली तर परत प्रयत्न करायचा. घट्ट, पिवळट बेडका हवा. न्हाणीघरात किंवा मुलगी जवळ असताना नमुना काढू नये.

सासूबाईंचं विसरू नका. घरात सगळं लक्ष मुलीकडे जातं, पण मधुमेहात टीबीचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. त्यांचा एक्सरे काढा, आणि केंद्रावर संसर्गाची चाचणी असेल तर ती करून घ्या. हाताला टोचून दोन-तीन दिवसांनी बघतात ती, किंवा रक्ताची. प्रतिबंधात्मक उपचार द्यायचा ठरला तर त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, कारण रिफापेंटिनमुळे काही गोळ्यांचा असर कमी होतो. हेच तुमच्या बाबतीत: संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्याही कमी पडू शकतात. पोटात बाळ असण्याची शक्यता असेल तर तेही.

घरात काय करायचं? पहिले दोन आठवडे मिस्टरांनी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ झोपावं, घरात बोलताना-खोकताना तोंडाला मास्क किंवा रुमाल, आणि बेडका झाकणाच्या डब्यात थोडं फिनाईल टाकून संडासात ओतावा. आणि कूलरकडे नीट बघा. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, टीबीच्या घरात ही फार चांगली गोष्ट आहे. पण ती हवा बाहेर जायला समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं तरी उघडी पाहिजे. उन्हाळ्यात आपण सगळी दारं लावून घेतो आणि हवा तिथेच कोंडते. कूलर खोलीच्या आत ठेवलेला असेल तर तो तीच हवा फिरवत राहतो. एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या तरी तेच. उन्हाळ्यात मी घरी गेले की आधी हे बघते.

आता तुमची शेवटची धास्ती, गल्लीत कळण्याची. ती मी क्षुल्लक मानत नाही. मुलींची लग्नं अडलेली, भाडेकरूंना घर सोडायला लावलेलं, असं सगळं मी पाहिलंय. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, म्हणून तुम्हाला फोन आला. ती नोंद 'निक्षय' या प्रणालीत असते आणि ती गुप्त ठेवायची असते. घरभेटीचा हट्ट तुम्ही धरू द्यायचा नाही. फोन करणाऱ्याला सरळ सांगा: घरी येऊ नका, आम्ही चौघं केंद्रावर येतो, वार आणि वेळ सांगा. आमच्यातले बहुतेक जण हे आनंदाने मान्य करतात. यायचंच असेल तर गणवेश न घालता, आधी फोन करून, ओळखीच्या पाहुण्यासारखं या म्हणावं. मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी थांबून फोन करते आणि बाहेर पत्ता विचारताना आजाराचं नावही काढत नाही. कुणी असं वागलं नाही तर त्याच्या वरिष्ठांशी बोला, तो तुमचा हक्क आहे.

सरकारीत जायचं की खासगीत राहायचं, यावर मी भांडत नाही. तुमचा तुमच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर तिथेच राहा. औषधं मूळ तीच आहेत: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारीत ती एकाच गोळीत मिसळलेली येतात आणि वजनानुसार संख्या ठरते, जसं ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज चार. खासगी डॉक्टरांकडचे रुग्णही ती मोफत मिळवू शकतात. फक्त एकदा केंद्रात जाऊन निक्षय क्रमांक घ्या. त्यावर निक्षय पोषण योजनेचे पैसे थेट बँकेत येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आधार आणि पासबुकवरचं नाव जुळत नसेल तर पैसे अडकतात, ते आधी बघून घ्या. मिस्टरांची शुगर आणि एचआयव्ही तपासणी राहिली असेल तर तीही त्याच दिवशी. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, ते औषधामुळे असतं. डोळे पिवळे, सतत उलट्या किंवा अंधुक दिसणं मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

ते १००० रुपये मिस्टरांच्या नावाचे असले तरी ताट सगळ्यांचं भरा, ही माझी कळकळीची विनंती. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना धान्य आणि डाळी पुरवून एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या घरांतल्या सगळ्यांना जादा शिधा मिळाला, तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. मुख्यतः पोटभर, डाळ असलेल्या जेवणाने! आणि रुग्णांमध्ये सुरुवातीच्या दोन महिन्यांत वजन वाढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका खूप कमी होता. महागडे प्रोटीनचे डबे नकोत. तुरीचं घट्ट वरण, भिजवलेले चणे, शेंगदाणे, चालत असेल तर रोज अंडं, मुलीला दूध. मिस्टरांचं वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करा. उपचार लागू पडतोय की नाही, हे तुम्हाला घरबसल्या दाखवणारी यापेक्षा सोपी खूण नाही.

म्हणजे क्रम असा: उद्या सकाळी मिस्टरांचा नमुना. या आठवड्यात सासूबाई, मुलगी आणि तुम्ही तिघींची तपासणी, मुलीचं अंगणवाडीचं कार्ड सोबत. मुलगी नागपुरातच, तुमच्याजवळ. रिपोर्ट आला आणि मुलीत काही लक्षण नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की तिचं औषध, एकदा सुरू केलं की पूर्ण होईपर्यंत. सासूबाईंना हे पटवणं कठीण जात असेल तर त्यांनाच केंद्रावर डॉक्टरांसमोर बसवा. त्यांचा प्रश्न नातीच्या काळजीतूनच आलेला आहे, त्यांना उत्तरही समोरासमोर मिळायला हवं. फोनवर विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ ही निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि नॅटचा रिपोर्ट हातात आला की रिफॅम्पिसिनपुढे काय लिहिलंय ते मला इथेच कळवा. नाव-पत्ता नको, तेवढी एक ओळ पुरे. त्यावरून केंद्रात मुलीसाठी नेमकं काय विचारायचं ते सांगते.